गठ्ठा कुठे उतरवायचा?

तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या वेल्ह्यातील दुकानदार माल भरण्यासाठी पुण्याच्या रविवार पेठेत येतो, तेव्हा स्वारगेटपर्यंतचा प्रवास निभावतो. खरी कसोटी लागते ती पेठेत गाडी उभी करताना. २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मेट्रो स्वारगेटहून मंडईपर्यंत धावू लागली आणि पिशवीभर खरेदी करणाऱ्या ग्राहकाची ही चिंता बरीच हलकी झाली. कापडाचे गठ्ठे मात्र मेट्रोत चढत नाहीत.

२०२१ पासून ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनमुक्त ठेवला जातो. हे स्वागतार्हच आहे. गर्दीत अडकलेली मोटार काही गिऱ्हाईक आणत नाही! परंतु पेठांच्या नव्या आराखड्यात टेम्पोची जागा आधी ठरावी. दुकाने उघडण्यापूर्वीचे दोन तास मालासाठी राखले, तर वेल्ह्याचा टेम्पो दुपारच्या आत घरी परतेल.