न कळलेल्या सौद्याला टाळ्या

मोठ्या वित्तव्यवहारांवरचे चित्रपट पाहणाऱ्या बहुसंख्य प्रेक्षकांना पडद्यावरचे सौदे कळत नाहीत आणि तरीही कथा कळते, कारण दिग्दर्शक नफ्या-तोट्याचा अर्थ आकड्यांऐवजी पात्रांच्या चेहऱ्यांवर मांडतो आणि कोण बुडाले, कोण तरले एवढे त्यातून उमगते. अडचण येते ती न्यायनिवाड्याच्या वेळी, कारण ज्याला सौद्याची रीत ठाऊक नाही त्याला अपराध कोणता आणि कोणाचा, हेही दिग्दर्शकाच्या मर्जीनेच ठरवावे लागते.

जॉन लँडिस यांच्या १९८३ सालच्या ‘ट्रेडिंग प्लेसेस’ या विनोदी चित्रपटाचा शेवट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. फिलाडेल्फियातील धनाढ्य ड्यूक बंधू एका डॉलरच्या पैजेखातर आपल्या उच्चभ्रू अधिकाऱ्याला देशोधडीला लावतात आणि त्याच्या जागी एका कृष्णवर्णीय भामट्याला बसवतात. पुढे डॅन अ‍ॅक्रॉइड आणि एडी मर्फी यांनी रंगवलेली ही दोन माणसे एकत्र येऊन न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात ड्यूक बंधूंवर सूड उगवतात. सूड पुरा झाल्याचे सर्वांनाच कळते, पण तो कसा, हे विचारल्यास अनेकांची पंचाईत होते.

वायदा म्हणजे ठरावीक माल पुढच्या ठरावीक महिन्यात आज ठरलेल्या भावाने देण्याघेण्याचा करार. येथे माल आहे गोठवलेला, आटवलेला संत्र्याचा रस, आणि अशा एका करारात १५,००० पौंड धरले जातात. माल पुढे द्यायचा असल्यामुळे तो हाती नसतानाही आधी विकता येतो आणि मुदतीपूर्वी तेवढीच खरेदी करून व्यवहार मिटवता येतो; भाव उतरणार अशी अटकळ असलेले मंदीवाले हेच करतात. चित्रपटातील ड्यूक बंधूंनी सरकारी पीक अहवाल जाहीर होण्याआधीच चोरून मागवलेला असतो, परंतु दोघे नायक वाटेतच तो बदलून पीक बुडाल्याचा बनावट अहवाल त्यांच्या हाती पडेल अशी व्यवस्था करतात. त्यामुळे ड्यूक बेफाम खरेदी करतात, त्यांना पाहून इतरही धावतात, आणि भाव पौंडाला १४२ सेंटवर पोहोचला की नायक विकू लागतात. थंडीने पिकाचे काहीच बिघडले नाही, हे सरकारने जाहीर करताच भाव कोसळतो आणि २९ सेंटला नायक शेवटची खरेदी उरकतात. १४२ ला विकून २९ ला घेतलेल्या एका करारामागे १६,९५० डॉलर सुटतात, आणि असे करार तर ढिगाने झालेले असतात. ड्यूक बंधूंनी मात्र पूर्ण किंमत न मोजता केवळ मार्जिन, म्हणजे अनामत, भरून माल घेतलेला असल्यामुळे बाजार त्यांच्याकडे ३९ कोटी ४० लाख डॉलरचा तगादा लावतो.

एवढे समजल्यावर नायकांविषयीचे कौतुक थोडे अवघडते, कारण चोरीच्या सरकारी माहितीवर पैसा त्यांनीही केलेला असतो. विशेष म्हणजे अशा वापराला त्या काळी अमेरिकेच्या वायदे बाजारात स्पष्ट कायदेशीर बंदी नव्हती. वायदे बाजाराच्या नियामक आयोगाचे अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी २०१० साली अमेरिकी संसदेपुढे याच चित्रपटाचा दाखला देऊन बंदीची मागणी केली आणि त्याच वर्षीच्या डॉड-फ्रँक कायद्यात ती आली. तिला ‘एडी मर्फी नियम’ म्हणतात. एका प्रहसनाच्या नायकाचे नाव बाजाराच्या नियमाला मिळावे, हा मान गंभीर चित्रपटांच्या वाट्याला क्वचितच येतो.

२००८ च्या आर्थिक अरिष्टावरील चित्रपटांनी प्रेक्षकाच्या अज्ञानाची दखल वेगवेगळ्या प्रकारे घेतली. अ‍ॅडम मॅके यांच्या ‘द बिग शॉर्ट’मध्ये (२०१५) अभिनेत्री मार्गो रॉबी स्नानाच्या टबात बसून बुडीत गृहकर्जांचे अर्थशास्त्र सांगते; युक्ती गमतीची आहे, मात्र स्पष्टीकरणापेक्षा टबच अधिक लक्षात राहतो. जे. सी. चँडोर यांच्या ‘मार्जिन कॉल’ची (२०११) वाट वेगळी आहे. त्यातील बँकेने गृहकर्जांच्या तारणावर काढलेले रोखे उसन्या पैशावर इतके साठवलेले असतात, की त्यांचा भाव २५ टक्क्यांनी उतरला तरी होणारा तोटा संपूर्ण कंपनीच्या बाजारमूल्याहून मोठा ठरेल. हे शोधणारा तरुण मुळात अग्निबाणांचा अभ्यासक असतो, तर त्याच्यावरचे साहेब एकामागून एक साध्या भाषेत सांगण्याची विनंती करतात, आणि आपल्यासारखेच यांनाही कळत नाही, या जाणिवेने प्रेक्षक सुखावतो. ही सहानुभूती फसवी आहे. जेरेमी आयर्न्स यांनी साकारलेल्या प्रमुखाला गणित कळत नसले, तरी बातमी फुटण्याआधी सगळे रोखे एका दिवसात नेहमीच्याच गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारायचे, एवढे त्याला पहाटेच्या बैठकीतच पुरते कळलेले असते.