घरी विडी वळणाऱ्या स्त्रिया आणि किमान वेतन : नियम, सूट व हक्क

प्रस्तावना

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे तंबाखू व विडीच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. विडी वळण्याचे काम बहुतांशी गरीब कुटुंबांतील स्त्रिया घरीच करतात. त्यांत मुस्लिम स्त्रियांचे प्रमाणही लक्षणीय आहे. ठेकेदाराकडून पान, तंबाखू व सूत आणायचे, घरी विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या, असा हा व्यवहार असतो. मजुरी हजारी दराने मिळते. कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नाही, म्हणून किमान वेतनाचा कायदा आपल्याला लागू नाही, अशी समजूत या वर्गात आढळते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९४८ चा कायदा

किमान वेतन अधिनियम १९४८ साली अस्तित्वात आला. ज्या उद्योगांत कामगार असंघटित असून त्यांची पिळवणूक होण्याचा धोका होता, अशा उद्योगांची यादी कायद्याच्या परिशिष्टात दिलेली होती. विडीसह तंबाखूचे कारखाने या यादीत सुरुवातीपासूनच होते. वेतनाचे दर ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारला होता व जास्तीत जास्त ५ वर्षांनी त्यांचा फेरविचार करावा लागे. मालक ज्याला कच्चा माल देऊन बाहेर काम करवून घेतो, त्याचाही 'कामगार' या व्याख्येत स्पष्ट समावेश होता. म्हणजेच घरी विडी वळणारी स्त्री या कायद्याच्या कक्षेत होती. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानेही घरी काम करणाऱ्यांना कामगार मानले.

सूट कोणाला होती?

या कायद्यात काही सवलती होत्या. संपूर्ण राज्यात एखाद्या उद्योगात १००० पेक्षा कमी कामगार असतील, तर सरकार त्या उद्योगाचे दर न ठरविण्याचा निर्णय घेऊ शकत असे. अपंग कामगारांच्या बाबतीत व विशेष कारणास्तव काही वर्गांनाही सरकारला सूट देता येई. तसेच मालकाबरोबर राहणाऱ्या व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या त्याच्या कुटुंबीयांच्या वेतनाला कायदा लागू नव्हता.

या शेवटच्या तरतुदीचा गैरसमज होण्याचा संभव आहे. ही सूट मालकाच्या कुटुंबापुरती होती, कामगाराच्या कुटुंबासाठी नव्हती. आईबरोबर सज्ञान मुलगीही विड्या वळत असेल, तर 'हे घरचे काम आहे' असे म्हणून ठेकेदाराला दर कमी करता येत नव्हता. शिवाय, कमी मजुरी घेण्यास कामगाराने लेखी संमती दिली, तरी तो करार कायद्याने रद्दबातल ठरत असे.

न्यायालयांची भूमिका

म्हैसूर राज्य सरकारने उपाहारगृहांतील नोकरांसाठी ठरविलेले किमान वेतन सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली चंद्रभवन खटल्यात वैध ठरविले. राजस्थानात दुष्काळी कामांवरील मजुरांना राज्याच्या १९६४ च्या कायद्याने कामगार कायद्यांतून वगळले होते. १९८३ साली संजित रॉय खटल्यात न्यायालयाने किमान वेतनापुरती ही सूट घटनाबाह्य ठरविली. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने मनाई केलेली वेठबिगारी होय, असा या निर्णयाचा आशय आहे. घरी विडी वळणारे भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यानुसार कामगारच आहेत, असा निर्णय १९८५ साली पी. एम. पटेल खटल्यात झाला.

हजारी दरातील गळती

कागदोपत्री दर योग्य असूनही हातात पडणारी मजुरी कमी असू शकते. समजा, दर हजारी २५० रुपये आहे. ठेकेदाराने 'छाट' म्हणून १०० विड्या बाजूला काढल्या, त्या परतही दिल्या नाहीत आणि ११०० विड्यांपैकी फक्त १००० चेच पैसे दिले, तर प्रत्यक्ष दर सुमारे २२७ रुपये पडतो. कमी पडलेल्या पानांसाठी त्या स्त्रीने पदरचे २० रुपये खर्च केले, तर तोच दर सुमारे २०९ रुपयांवर येतो. म्हणून माल किती मिळाला, विड्या किती दिल्या व छाट किती निघाली, याची नोंद स्वतःजवळ ठेवणे अत्यावश्यक आहे.

२०१९ ची वेतन संहिता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली व १९४८ चा कायदा रद्द झाला. जुन्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतात. उद्योगांची यादी व १००० कामगारांची अट आता उरलेली नाही. किमान वेतन सर्व उद्योगांना लागू आहे. मागणी अर्जाची मुदत ६ महिन्यांवरून ३ वर्षे झाली असून वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. मात्र कर्मचाऱ्याच्या नव्या व्याख्येत बाहेर काम करणाऱ्याचा जुना स्पष्ट उल्लेख नाही. त्यामुळे आपण अमुक मालकासाठीच काम करतो, हे दाखविणारा पुरावा या स्त्रियांसाठी पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

समारोप

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याचा मोबदला द्यावा, ही इस्लामची शिकवण सर्वपरिचित आहे. कायद्याचा हेतूही याहून वेगळा नाही. परंतु हक्क माहीत नसेल तर तो कागदावरच राहतो. शाळा, महिला मंडळे व मोहल्ला समित्या यांनी विडी कामगार स्त्रियांना ओळखपत्र, नोंदवही व चालू दरपत्रक यांची माहिती करून दिली, तर त्या कष्टांचे पूर्ण दाम मागू शकतील.