फवारणीची चित्रकथा भिंतीवर काढताना

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावर सूचना असतात, पण बारीक अक्षरात. ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचं? म्हणून गावातल्या ज्या पोरांना चित्रकथा काढायचा नाद आहे, त्यांना ग्रामपंचायतीने एक भिंत द्यावी.

पोरांनो, हात सुबक नसला तरी चालेल. काड्यांची माणसं काढा, पण पाठीवरचा पंप आपलाच वाटला पाहिजे. एका चौकटीत एकच काम. हातमोजे घातले, काठीने द्रावण ढवळले, वाऱ्याकडे पाठ करून फवारले, साबणाने अंघोळ केली. आता वारा तर दिसत नाही. मग पऱ्हाटी एका बाजूला झुकवा, दुपट्ट्याचं टोक त्याच बाजूला उडवा. डब्यावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण लाल असेल तर औषध सर्वांत जहाल. पुढे पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. हे रंग मात्र मनाने बदलू नका.

माझी फजिती सांगतो. वाऱ्याच्या तोंडावर फवारणारा माणूस काढून मी त्यावर फुली मारली. एका आजीने विचारलं, "साहेब, ह्याले काहून खोडलं? चित्र चुकलं का?" आता तिथे तोच माणूस डोकं धरून ओकताना काढला आहे.

म्हणून आधी खडूने काढा. वाचता न येणाऱ्या दोघांना बोलवा अन् त्यांच्याच तोंडून गोष्ट ऐका. आपण मध्ये बोलायचं नाही. रंगकाम मात्र पावसाआधी उरकून घ्या.