दारावरचा पॉलिशवाला

गेल्या रमजानमध्ये जकातीच्या हिशेबासाठी आमच्या शेजारच्या खालांनी आपल्या चार बांगड्या सराफाकडे वजनाला नेल्या. त्यांच्या वहीत आदल्या वर्षीचे वजन 48 ग्रॅम लिहिलेले. काटा 41 वर थांबला. सराफाने दुसऱ्या काट्यावर ठेवून पाहिले, तरी तेच. बांगड्या त्याच होत्या, नक्षी मात्र जरा पुसट झाली होती. त्या त्यांच्या मेहरच्या बांगड्या, ईदनंतर धाकट्या मुलीच्या निकाहात द्यायच्या म्हणून जपलेल्या.

मग आठवण निघाली. दोन महिन्यांपूर्वी भर दुपारी, घरात पुरुषमाणूस नसताना, दोन तरुण दारात आले होते. गळ्यात कार्ड, हातात बॅग. "खाला, पावडरची जाहिरात आहे, एक पैसाही नको." त्यांनी आधी तांब्याचा हंडा चमकवला, मग चांदीचे पैंजण. तोवर खालांनी त्यांना पाणीही दिले होते. बांगड्या काढून देताना मनात काहीच आले नाही. बाटलीतले पाणी डब्यात ओतले, वर हळद टाकली, बांगड्या घोळवल्या आणि डबा हाती देत ते म्हणाले, "वीस मिनिटांनी उघडा." वीस मिनिटांत माणूस स्टँडवर पोहोचतो.

ते पाणी साधे नसते. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणाला अम्लराज म्हणतात आणि त्यात सोने विरघळते. उरलेले द्रावण हे लोक सोबत नेतात आणि घरी जाऊन त्यातून सोने वेगळे करतात. हळद कशाला? द्रावणाच्या पिवळ्या रंगाचा संशय येऊ नये म्हणून. दागिना हातात परत मिळतो, त्यामुळे चोरी झाली हेच कळत नाही. खाला दरवर्षी वजन लिहून ठेवत होत्या म्हणून त्यांना निदान कळले तरी. आपल्यापैकी किती घरांत अशी वही असेल?

आम्हाला जास्त वाईट वाटले ते पुढच्या गोष्टीचे. खालांनी हे आठ दिवस मुलाला सांगितले नाही. "दार उघडलेच कशाला, असे म्हणेल," एवढीच भीती. अशा ठगांचे अर्धे काम घरातली ही बोलणीच करतात. बाई गप्प बसते आणि ते पुढच्या मोहल्ल्यात जातात.

दारातल्या माणसाला नाही म्हणणे आपल्याला बेअदबी वाटते. सूरह नूरमध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये आणि परत जा म्हटले तर परत जावे, अशी शिकवण आहे. ती आपण पाहुण्याला लागू करतो. पण 'परत जा' म्हणण्याचा हक्क घरच्या माणसाचा आहे, हे विसरतो. कायदाही तेच सांगतो. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनुसार ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा संमती यांशिवाय विक्रेत्याने घरी येऊ नये. अर्थात कार्ड कोणीही छापून घेतो. म्हणून साखळी न काढता बोलावे आणि शेजारच्या भाभींना हाक मारावी. दागिना मात्र दारात अंगावरून उतरवूच नये. धुवायचाच असेल तर ओळखीचा सराफ आहे.

गॅसवाल्याचेही तसेच. पाहणी दर पाच वर्षांनी असते हे खरे, पण आलेला माणूस एजन्सीचाच का, हे आपल्या गॅसच्या पुस्तकावरच्या नंबरवर विचारावे, त्याने दिलेल्या नंबरवर नव्हे. पावतीशिवाय पैसे देऊ नयेत.

फसवणूक झालीच तर 112 वर फोन करावा. डबा आणि त्यातले पाणी फेकू नये, कारण तोच पुरावा. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे. उशीर झाला तरी तक्रार द्यावी.

खालांनी शेवटी मुलाला सांगितले. तो रागावला नाही. दोघे ठाण्यात जाऊन आले. सोने अजून मिळालेले नाही. वहीतले 48 त्यांनी खोडले नाही. खाली 41 लिहिले, शेजारी तारीख टाकली आणि तेवढ्यावरची जकात काढली.