डुकराने शिकवलेला भुलीचा धडा

डुकराचे नाव काढले की आपल्याकडे अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. कोणी धर्म म्हणून खात नाही, कोणाला ते आवडत नाही. गोव्यात आणि वसईकडच्या ख्रिस्ती घरांत मात्र सणाला त्याचाच बेत असतो. पण आजचा विषय खाणाऱ्यांचा तेवढाच न खाणाऱ्यांचाही आहे. डुकराच्या मांसाची प्रत बिघडवणाऱ्या एका आनुवंशिक दोषाचा आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसाचा जीव घेणाऱ्या एका विकाराचा अगदी जवळचा संबंध आहे. मी भूल देण्याचे काम करतो, म्हणून हा संबंध वाचकांपुढे मांडावासा वाटला.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात चरबीची मागणी घटली आणि कमी चरबीच्या, भरदार मांसाच्या डुकरांना चांगला भाव येऊ लागला. बेल्जियममधील पिएत्रेन आणि लँड्रेस जातीचे काही वाण यासाठी नावाजले गेले. पैदास करणारे दर पिढीत अधिक मांसल जनावरे निवडत गेले. मात्र या निवडीबरोबर एक दोषही नकळत वाढत गेला. ही डुकरे गाडीत चढवताना, उन्हात किंवा आपसांत भांडताना एकाएकी धापा टाकीत, त्यांचे अंग ताठ होई, ताप चढे आणि काही वाटेतच मरत. जी कत्तलखान्यापर्यंत पोचत, त्यांचे मांस फिकट आणि मऊ पडे व त्यातून पाणी सुटत राही. असे मांस शिजवल्यावर आकसते, कोरडे होते आणि त्याला भावही कमी मिळतो.

असे का होते? स्नायूंच्या पेशीत कॅल्शियमचा साठा असतो. स्नायू आकुंचन पावायचा असेल तेव्हा त्या साठ्याचे दार उघडते आणि काम झाले की बंद होते. या डुकरांत ते दार सदोष असते. ताण आला की ते उघडते आणि लवकर बंद होत नाही. स्नायू आखडलेलेच राहतात, साठवलेली साखर भराभर जळते, उष्णता आणि आम्ल तयार होते. निरोगी जनावराच्या मांसात कत्तलीनंतर आम्लता काही तासांत सावकाश वाढते. इथे ती पाऊण तासातच वाढते, तीही मांस गरम असताना. त्यामुळे मांसातील प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची शक्ती जाते.

आता माणसाकडे वळू. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पाय मोडलेला २१ वर्षांचा एक तरुण रुग्णालयात आला. त्याला पायापेक्षा भुलीचीच भीती अधिक होती, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरची भूल दिल्यावर दगावले होते. त्याला ईथरऐवजी त्या वेळी नवे असलेले हॅलोथेन दिले. थोड्याच वेळात रक्तदाब उतरला, नाडी धावू लागली, अंग तापले. भूल थांबवून, बर्फाने अंग थंड करून त्याला वाचवण्यात आले. डॉ. मायकेल डेनबरो आणि त्यांचे सहकारी लव्हेल यांनी १९६० साली ही हकिकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. या विकाराला आज 'मॅलिग्नंट हायपरथर्मिया' म्हणतात.

पुढे १९६६ साली इंग्लंडमध्ये डुकरांना सक्सामिथोनियम हे स्नायू सैल करणारे औषध दिल्यावर हाच प्रकार दिसला. त्यातून एक सोपी चाचणी निघाली. पिलाला मुखवट्यातून काही मिनिटे हॅलोथेन हुंगवायचे. पाय ताठरले तर ते दोषी. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतील डॉ. गेसफर्ड हॅरिसन यांनी अशाच डुकरांवर प्रयोग करून 'डँट्रोलीन' हे औषध हा झटका थांबवते, हे दाखवले. त्याआधी असा झटका आलेल्या दहा रुग्णांपैकी सात-आठ दगावत. आज वेळेवर निदान होऊन औषध मिळाले तर बहुतेक जण वाचतात. १९९१ साली कॅनडातील संशोधकांनी डुकरातील नेमका दोषही शोधला. 'आरवायआर-१' या जनुकातले एकच अक्षर बदललेले होते. तसाच बदल माणसाच्या काही कुटुंबांतही आढळला. आता डुकराच्या रक्ताच्या थेंबावरून दोष कळतो आणि अनेक पैदास केंद्रांनी तो आपल्या कळपांतून काढून टाकला आहे.

माणसांचे कळप निवडता येत नाहीत. आपल्याला घरातली माहितीच जपावी लागते. डुकरात हा आजार पुरता दिसण्यासाठी दोष आई-बाप दोघांकडून यावा लागतो. माणसात एकाकडून आला तरी पुरतो आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. एरवी असा माणूस ठणठणीत दिसतो. आधी एक-दोनदा भूल सुखरूप पार पडली, म्हणून पुढे धोका नाही असेही नाही.

हा झटका दुर्मीळ आहे, तेव्हा वाचकांनी भुलीची धास्ती घेऊ नये. पण शस्त्रक्रियेआधी मी रुग्णाला विचारतो, "घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का?" तेव्हा बहुतेक वेळा "नाही" एवढेच उत्तर मिळते. एखादा काका टेबलावरच गेला होता, हे 'नशिबात होते' म्हणून विसरले जाते. आईच्या माहेरची हकिकत तर सासरच्या माणसांना ठाऊकच नसते. दोष मात्र आईकडूनही तितकाच येतो. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) आई-वडील दोन्हीकडच्या घराण्यांत भूल देताना किंवा दिल्यानंतर कोणाचा मृत्यू झाला असेल, खूप ताप चढला असेल, जबडा किंवा अंग ताठरले असेल, लघवी काळसर झाली असेल, तर ते आधीच सांगावे.

२) असा धोका असला तरी शस्त्रक्रिया टाळावी लागत नाही. धोका आहे तो हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांसारखे वायू आणि सक्सामिथोनियम यांचा. कमरेतून किंवा जागेपुरती दिलेली भूल आणि शिरेतून दिली जाणारी काही औषधे चालतात.

३) डँट्रोलीन प्रत्येक रुग्णालयात असेलच असे नाही. नियोजित शस्त्रक्रियेआधी चौकशी करावी.

४) एकदा निदान झाले की ते कागदावर लिहून घ्यावे आणि भावंडांना, मुलांना कळवावे.

राहिला प्रश्न खाण्याचा. असे मांस खाल्ल्याने हा दोष माणसात येत नाही. जनुके पोटातून अंगात शिरत नाहीत. मांस नीट शिजवून खावे, एवढे पथ्य पुरे. खरी काळजी घ्यायची ती बोलण्याची. या आठवड्यात घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसा, कोण कशाने गेले ते विचारा आणि लिहून ठेवा. ती वही पुढे घरातल्या कोणाचा तरी जीव वाचवील.