शहराच्या रानांतील माकड व वानर

मराठींत माकड आणि वानर असे दोन शब्द आहेत. शहरांत राहणारे आपण ते एकाच अर्थानें वापरतों. परंतु लाल तोंडाचें तें माकड व काळ्या तोंडाचा तो वानर, हा भेद खेड्यांतील पोरही जाणतें. शहर वाढून रानाचे तुकडे झाले म्हणजे या दोन कुळांचें काय होतें, हें सिंगापुरांत फार स्पष्ट दिसतें.

तेथें भरवस्तींत बुकित तिमा नांवाची सुमारें १६३ मीटर उंचीची टेकडी असून तिजवरील रान १८८३ सालीं राखीव करण्यांत आलें. त्याच्या पूर्वेस जलाशयांभोंवतीं दुसरें मोठें रान आहे.

या रानांतील माकडाची शेपटी बरीच लांब, तथापि कुळ आपल्या माकडाचेंच. हातीं लागेल तें गालांतील पिशव्यांत कोंबावें आणि दूर जाऊन सावकाश खावें, ही त्याची रीत. फळें, किडे, खेकडे, त्याला कांहींही चालतें. झाडावर, जमिनीवर, पाण्यांतही तें सहज वावरतें. असल्या प्राण्यास शहर म्हणजे निराळ्या प्रकारचें रानच! कचऱ्याची पेटी उघडणें व हातांतील पिशवी ओळखून हिसकावणें तें लौकरच शिकतें, आणि मोठ्यांचें पाहून पिलेंही शिकतात. माथेरानला गेलेल्या विद्यार्थ्यांस हें सांगावयास नको. परंतु ही हुशारी त्याच्याच जिवावर बेतते. कोणी दयाळू मनुष्य मोटारींतून पाव टाकतो, आणि तो उचलण्यास आलेलें माकड चाकाखालीं सांपडतें. किंवा तें घरांत शिरतें, तक्रार होते, व त्यास पकडून मारण्यांत येतें. २०२० सालापासून कोणत्याही रानटी जनावरास खाऊं घालणें तेथें कायद्यानें गुन्हा आहे. आम्हांस हा कायदा निष्ठुर वाटत नाहीं.

वानराचें तसें नाहीं. त्याच्या पोटाला अनेक कप्पे असून त्यांत सूक्ष्म जंतूंच्या साहाय्यानें पाला आंबतो व मग पचतो. आपल्याकडील वानर देवळाच्या ओसरीवर खुशाल येऊन बसतो. सिंगापूरचा काळा पट्टेरी वानर मात्र जमिनीवर क्वचितच उतरतो. कोंवळीं पानें, फळें, बिया सर्व वरच मिळतें. फांदीला फांदी भिडलेली असेल तेवढेंच त्याचें जग.

१९८६ सालीं या दोन रानांमधून मोठा हमरस्ता गेला. बुकित तिमावरील वानर आधींच घटले होते. १९८७ सालीं त्यांतला शेवटचा कुत्र्यांनीं मारला.

२०१३ सालीं त्या हमरस्त्यावर ६२ मीटर लांबीचा पूल उभारून, त्यावर माती घालून रानझाडें लावण्यांत आलीं. झाडें वाढण्यास वर्षें लागतात. जलाशयांकडील रानालगतच्या एका लहान रस्त्यावर मात्र दोराचे पूल टांगले आहेत. सर्व सिंगापुरांत मिळून शंभरही न उरलेले हे वानर आतां त्या दोरांवरून पलीकडे जातात, आणि खालून मोटारी धांवत असतात.