आवरणाआडचा ज्ञाता

आषाढात मिरकरवाडा बंदरात नौका नांगरून पडलेल्या असतात, रत्नदुर्गाचा माथा ढगांत बुडालेला असतो आणि सूर्याचे दर्शन दिवसेंदिवस घडत नाही. तरीही उजाडले, हे सर्वांना कळते. नंदीसूत्रात ज्ञानाविषयी हाच दृष्टान्त आहे. मेघ कितीही दाटले तरी सूर्यचंद्रांची प्रभा सर्वस्वी लोपत नाही. तसे ज्ञानावरणीय कर्म कितीही गाढ असले तरी जीवाच्या ज्ञानाचा अनंतवा भाग सदैव उघडा राहतो.

या दृष्टान्ताची रत्नागिरीला विशेष गरज आहे. बंदराच्या याच गावी १८८६ मध्ये मनोरुग्णालय सुरू झाले. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यालाही इंग्रजांनी त्याच वर्षी येथे आणून ठेवले. सत्तेला दोघेही दृष्टीआड हवे होते, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. पुढे ‘याला रत्नागिरीला पाठवा’ ही कोकणातली थट्टा झाली. त्या थट्टेत रोग असतो, रुग्ण नसतो.

सतराव्या शतकात जॉन लॉक याने व्यक्तीची ओळख जाणिवेच्या सातत्यावर उभी केली. त्या मापाने, ज्याची स्मृती विस्कटली त्याचा ‘मी’च संशयास्पद ठरतो. तत्त्वार्थसूत्राने मात्र जीवाचे लक्षण उपयोग, म्हणजे चैतन्याचा व्यापार, असे सांगितले. मन हे नव्हे. असंज्ञी जीवांना मन नाही, तरी ते जीवच. द्रव्यमन तर पुद्गलाचेच बनलेले. म्हणून औषधाने मन सावरले तर आत्मा गोळीच्या अधीन झाला, ही काही घरांतील भीती अनाठायी आहे. साधन दुरुस्त होते. जाणणारा तोच असतो.

‘त्याच्या कर्माचे फळ’ हे वाक्यही जपून उच्चारावे. असातावेदनीय कर्माचा उदय प्रत्येक ज्वरातही असतो. तेव्हा वैद्य बोलावण्यास कोणी संकोच करीत नाही. मनोरोगातच तो सिद्धान्त आरोप होतो, सोयरिकीच्या बोलण्यात लपविला जातो, आणि पेढीवर बसणाऱ्या भावाला हिशेबातून हळूच वगळले जाते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपल्या उपचारांविषयी आगाऊ लेखी निर्देश देण्याचा आणि स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. आणीबाणीत तो निर्देश लागू होत नाही. घरात मात्र आणीबाणी नसतानाही वरणात गोळी कालवली जाते.

पर्युषणात हा प्रश्न सर्वांत कठीण होतो. लिथियम घेणारी सून अठ्ठाई करू म्हणते. शरीरातले पाणी घटले की रक्तातील लिथियमचे प्रमाण विषारी पातळीपर्यंत चढू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याविना उपवास नाही, हे निर्विवाद. कार्ल यास्पर्स या वैद्य-तत्त्वज्ञाने १९१३ मध्ये रोगाचे कारण शोधणे आणि रुग्णाचा अर्थ समजून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. पहिली रक्ततपासणीत होते. दुसरीसाठी तिच्याजवळ बसावे लागते: हा आग्रह उन्मादाच्या भरातला आहे, की अनेक वर्षे मनात जपलेली भावना? उपवास डॉक्टरांनी नाकारला, तर सामायिक, प्रतिक्रमण, स्वाध्याय यांतले काय करावयाचे, हे तिनेच सांगावे. बहुतेक घरांत तिच्या पतीला विचारले जाते.